साहेब, फोन जरा उशिरा उचला

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

एका मध्यम आकाराच्या महापालिकेतल्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख लिहितात. वय ५६, दोन वर्षांत रिटायर. फायरमन म्हणून लागले आणि एकेक पायरी चढत स्टेशन ऑफिसर झाले. म्हणतात, माणसं चांगली आहेत पण "पुढं होऊन निर्णय घेणारा एकही नाही". वर्दी (म्हणजे मदतीचा कॉल) आली की गाडी बाहेर पडते आणि पाठोपाठ यांचा फोन वाजतो, साहेब काय करू. रजेवर असोत, दवाखान्यात असोत, पुतणीच्या लग्नात मांडवात असोत, फोन येतोच. आपल्या जागी तयार करायला दोघं डोळ्यासमोर आहेत. एक तांडेल, म्हणजे फायरमनच्या वरचा, चोवीस वर्षं नोकरी, कामात वाघ, पण दहावी पास आणि कागद म्हटलं की अंगावर काटा. दुसरा ३१ वर्षांचा सब ऑफिसर, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकून आलेला, अभ्यासू, पण पोरं त्याला पाठीमागे 'लॅपटॉप साहेब' म्हणतात. मागच्या महिन्यात भंगाराच्या गोदामाला आग लागली. सब ऑफिसर म्हणाला आत जायचं नाही, बाहेरून मारा, तांडेल म्हणाला शटर तोडून आत घुसू. पोरं हातात होज (पाण्याचा पाइप) धरून उभी, "साहेब येऊ देत". साहेब पोचेपर्यंत काही मिनिटं गेली. कोणाला लागलं नाही, पण त्या रात्रीपासून यांना झोप नाही. प्रश्न तीन. दोघांतला कोण निवडू? आयुक्तांनी सांगितलेल्या तीन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवू का? की हे मुळात रक्तातच असावं लागतं?

नमस्कार साहेब,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच ओळखीचं वाटलं, कारण मीही याच खात्यात आयुष्य काढलंय आणि तुमच्यासारखे केंद्रप्रमुख बरेच बघितलेत. उत्तम माणसं, ज्यांच्या हाताखाली पोरं निर्धास्त असतात, कारण साहेब आहेत ना. माझ्या मते तुमच्या पत्रातली अडचण नेमकी इथेच आहे, पण सावकाश येतो त्याच्याकडे.

आधी एक जरा कडू गोष्ट. दोघांतला कोण, हा प्रश्न तुमच्या हातातला नाहीये. तुमच्या खुर्चीत कोण बसणार ते ज्येष्ठता यादी, रोस्टर, पदोन्नती समिती आणि आयुक्त ठरवणार. तुमचं मत विचारतील, चहा पाजतील, आणि कदाचित तिसऱ्याच कोणाकडे 'अतिरिक्त कार्यभार' जाईल. आपल्याकडे किती ठिकाणी वर्षानुवर्षं प्रभारीच चाललेत तुम्हाला माहितीये. म्हणजे दोन वर्षं एकाच माणसावर मेहनत घेतली आणि त्याला खुर्ची मिळालीच नाही तर तो नाराज, दुसरा तर आधीपासूनच नाराज, आणि केंद्र होतं तिथेच.

तुमच्या हातात काय आहे? तर रात्री दोनला गल्लीच्या तोंडाशी पहिली गाडी लागल्यावर जो कोणी त्या गाडीवर सीनियर असेल त्याने काय करायचं, हे. तो तांडेल असेल, सब ऑफिसर असेल, नाहीतर पाच वर्षं नोकरी झालेला फायरमन असेल कारण बाकीचे दुसऱ्या वर्दीवर गेलेत. ती पहिली पाच-सात मिनिटं तुम्ही तिथे कधीच नसणार, आज पण नसता. म्हणून वारस शोधायचं सोडा आणि पूर्ण शिफ्टकडे बघा असं मी सुचवेन.

आता 'निर्णय घेणारा एकही नाही' याबद्दल. जरा त्यांच्या बाजूने विचार करून बघा ना. फोन केला तर काय होतं, साहेब उचलतात, तीन वाक्यांत सांगतात, काम होतं, आणि चुकलंच तर साहेबांनी सांगितलेलं होतं. फोन नाही केला आणि स्वतः ठरवलं तर? बरोबर आलं तर कोणी शाबासकी देत नाही, चुकलं तर मेमो, खुलासा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, नगरसेवकाचा फोन, वर पेन्शनची चिंता. मग शहाणा माणूस काय करेल, फोनच करेल! तुमची पोरं भित्री नाहीत, हिशोबी आहेत, आणि हा हिशोब त्यांना खात्याने शिकवलाय, थोडा तुम्ही पण शिकवलाय. प्रत्येक फोन तुम्ही पहिल्या रिंगला उचलता असं तुम्हीच अभिमानाने लिहिलंय.

आणि त्याच पत्रात, साहेब, तुम्ही कंसात एक ओळ टाकलीय जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. "(वॉचरूमला, म्हणजे वर्दीचे फोन घेतात तिथे, आमची एक महिला फायरमन असते, तिने मी सांगायच्या आधीच एमआयडीसीचा टँकर मागवून ठेवला होता म्हणून पाणी कमी पडलं नाही.)" कंसात! गोदामाच्या दारात दोन सीनियर माणसं वाद घालत होती, दहा जण उभे होते, तुम्ही जीपमध्ये होता, आणि त्या वेळी एकच माणूस पुढचा विचार करत होता, की भंगाराचं गोदाम आहे, तास-दोन तास चालणार, आपल्या दोन गाड्यांचं पाणी पुरणार नाही, टँकर यायला वेळ लागतो तर आत्ताच मागवू. कोणाला विचारलं नाही, ठरवलं आणि केलं. निर्णय घेणारा एकही नाही म्हणता ते कसं काय? तुम्ही फक्त दारात कोण उभं आहे तेवढंच बघत होता. तिला वॉचरूमला का बसवलंय तेही एकदा स्वतःला विचारा, तिने मागितलं होतं की तिथे सोयीचं पडेल असं कोणीतरी परस्पर ठरवून टाकलं. नागपूरच्या त्याच कॉलेजात २००२ साली हर्षिनी कान्हेकर शिकायला गेल्या, देशातल्या पहिल्या महिला फायर फायटर म्हणून आज त्यांचं नाव घेतात, आता मुंबईत मुली गाडीवर जातात. तुमच्या केंद्रात ती अजून फोनपाशीच असेल तर तिसरा उमेदवार तुमच्या यादीत आलाच नाहीये.

आता रक्तात असतं का, याकडे येतो. तुम्ही स्वतःचं उदाहरण दिलंय, की धूर बघितला की मला आपोआप कळतं. मान्य, पण आपोआप नाही कळत हो. शटरच्या फटीतून काळा जाड धूर दाबाने फुगून बाहेर येतोय, मधेच आत ओढला जातोय, हे तुम्ही किती वेळा बघितलंय, आणि त्यानंतर काय झालं तेही बघितलंय. पत्रा कुठल्या जागी लाल होतो, भिंतीला पोट कसं येतं, प्लास्टिकचा धूर कसा आणि रबराचा कसा, सगळं डोक्यात साठलंय आणि वेळ आली की शब्द न होता बाहेर येतं. तुम्हाला वाटतं अंतःप्रेरणा, पोरांना वाटतं साहेबांना दैवी देणगी. दोघांचाही गैरसमज. ती साठवण आहे आणि ती देता येते, फक्त अट एक, बोलायला लागतं. इथेच आपली पिढी कमी पडते. आपण करून दाखवतो, का केलं ते सांगत नाही. "मागे सरका" एवढंच ओरडतो. पोरं सरकतात, पण कशामुळे सरकलो ते त्यांना घरी जाईपर्यंत कळत नाही, मग पुढच्या वेळी परत तुमच्या तोंडाकडे बघतात.

यावरून एक गोष्ट सांगतो, आपल्याकडची नाही, अमेरिकेतली. ५ ऑगस्ट १९४९, मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या दरीत जंगलाला आग लागलेली. विमानातून पॅराशूटने उतरणारे पंधरा जवान, खाली त्यांना जंगल खात्याचा एक रखवालदार येऊन मिळालेला. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज, अनुभवी माणूस. आग एकदम दिशा बदलून गवतातून चढावर त्यांच्या मागे लागली. पळून जमणार नाही हे डॉजच्या लक्षात आलं. त्याने अवजारं टाका म्हणून सांगितलं आणि मग जे केलं ते कोणी बघितलेलं नव्हतं, त्याने काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं. ते गवत जळून गेलं की त्या राखेत आडवं पडायचं, मोठ्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. हातवारे करून, ओरडून तो सगळ्यांना राखेत बोलवत होता. एकही जण आला नाही. मागून आग येतेय आणि हा माणूस पुढे आग लावतोय, त्यांना वाटलं याचं डोकं फिरलं. तेरा जण गेले. दोघं कड्याच्या फटीतून निसटले आणि डॉज राखेत पडून जिवंत राहिला.

डॉजचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, साहेब. नुसतं बरोबर असून भागलं नाही. ती टोळी टोळी म्हणून एकत्र फारशी काम केलेली नव्हती, डॉज कसा विचार करतो हे पोरांना माहीत नव्हतं, आणि समजावून सांगायला तेव्हा वेळ नव्हता. आगीत समजावायला वेळ नसतोच कधी. ते आधी करून ठेवावं लागतं, मंगळवारी दुपारी, काही पेटलेलं नसताना.

आता तुमच्या गोदामाकडे या. सब ऑफिसर म्हणाला बाहेरून मारा. तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाहीये की दोघांपैकी बरोबर कोण होतं! पोरांनी सब ऑफिसरचं ऐकलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं काय होतं ते तुम्ही नंतर तरी विचारलंत का? माझ्या मते तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो बरोबर होता. पत्र्याचं छत, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, आत काय आहे माहीत नाही, आणि वॉचमन बाहेर उभा राहून सांगतोय की आत कोणी नाही. उघडी लोखंडी कैची साडेपाचशे-सहाशे डिग्रीला गेली की तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि तेवढं तापमान भंगाराच्या आगीत सहज होतं, मग छत कधी बसेल सांगता येत नाही. जगभर फायर सर्व्हिसमध्ये एक साधा हिशोब धरतात, वाचवता येईल असा जीव आत असेल तर मोठा धोका घ्या, माल वाचवायचा असेल तर बेताचा घ्या, आणि वाचण्यासारखं काही उरलंच नसेल तर अजिबात घेऊ नका. भंगारासाठी तांडेलला आत पाठवायचं? का म्हणून?

पण तांडेल मूर्ख म्हणून आत जायचं म्हणत होता असं नाही. आपल्या खात्यात पुढारी म्हणजे जो सगळ्यात आधी आत जातो तो, असं पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, आणि त्याला कारणंही तशीच आहेत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले, अजून आपण दरवर्षी त्या दिवशी मान झुकवतो. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत चार अधिकारी गेले, त्यात खुद्द चीफ फायर ऑफिसर सुनील नेसरीकर आणि डेप्युटी चीफ सुधीर अमीन होते. मी त्यांच्या निर्णयावर बोट ठेवत नाहीये, तेवढी माझी लायकी नाही. मी एवढंच म्हणतो की असा प्रसंग आपल्या केंद्रावर आला, पुढे असलेला साहेबच पडला, तर पुढच्या मिनिटाला हुकूम कोणी द्यायचा हे पोरांना माहीत आहे का? तुमच्या केंद्रात नाहीये. तुम्ही जीपमध्ये होता, जिवंत होता, पाच मिनिटांवर होता, तरी गाडं अडलं.

मग करायचं काय. मला जे कामाचं वाटतं ते सांगतो, सगळं एकदम करू नका.

पहिलं काम कागदाचं आहे आणि ते तुम्हीच करू शकता. आदेश वहीत तुमच्या सहीने लिहा की अमुक गोष्टींसाठी माझी परवानगी लागणार नाही. जास्तीची गाडी किंवा टँकर मागवणं, शेजारच्या केंद्राची मदत मागणं, महावितरणला वीज तोडायला सांगणं, १०८ ला बोलवणं, बिल्डिंग रिकामी करणं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे माणसं बाहेर काढणं. बाहेर या असं म्हणायचा अधिकार सगळ्यांना, नवा फायरमन असला तरी, आणि तो शब्द आला की आधी बाहेर यायचं, वाद नंतर. त्याखाली अजून एक ओळ लिहा, की हातात असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला तर खुलासा मी देईन. ही ओळ तुम्हाला महागात पडू शकते हे मला कळतं, दोन वर्षं राहिलीत, स्वच्छ बाहेर पडायचंय. पण ही ओळ नसेल तर बाकीचं सगळं नाटक होईल, पोरं बरोबर ओळखतात.

दुसरं, छोट्या वर्द्या. तुम्ही म्हणाल मोठी आग शिकवायला कुठून आणू. आणू नका. दिवसभर आपण काय करतो? झाड पडलंय, लिफ्टमध्ये म्हातारी अडकलीय, रस्त्यावर ऑइल सांडलंय, मांज्यात घार लटकलीय, सिलेंडरचा वास येतोय, कचरा पेटलाय. यातली प्रत्येक वर्दी कोणाच्या तरी हातात द्या, आळीपाळीने, त्यात तांडेल, सब ऑफिसर, ती मुलगी आणि अजून दोन-तीन जण. वॉकीटॉकीवर स्पष्ट सांगा की आजची कमांड अमक्याकडे. तुम्ही पाहिजे तर मागच्या गाडीत बसून जा, पण उतरल्यावर हात मागे बांधून उभे राहा आणि बोलू नका. झाडाची कुठली फांदी आधी कापायची यावरून तुमचा जीव खालीवर होईल, होऊ दे. जिवाला धोका दिसला तरच तोंड उघडायचं. गाडी चालवायला शिकवणारा शेजारी बसून सारखा स्टेअरिंगला हात लावत राहिला तर पोरगं कधी शिकत नाही, तसंच हे. हे तुम्हाला फार जड जाणार, मी आधीच सांगतो, कारण तुम्हाला ते काम येतं आणि त्याला तुमच्या निम्म्या वेगाने येतं.

वर्दी संपली, होज गुंडाळून झाली, की गाडीच्या मागे दहा मिनिटं उभं राहायचं, चहाच्या आधी, कारण चहानंतर कोणी थांबत नाही. पोचल्यावर काय दिसलं, काय ठरवलं, कशावरून ठरवलं, परत असंच झालं तर काय वेगळं करू. सगळ्यात ज्युनिअर आधी बोलेल, तुम्ही शेवटी. तुम्ही आधी बोललात की संपलं, बाकी सगळे "साहेब म्हणाले तेच" म्हणणार. आणि हे कुठल्याही रिपोर्टात लिहायचं नाही, नाव तर अजिबात नाही. एकदा जरी तिथलं बोलणं मेमोत गेलं तर परत कोणी खरं बोलणार नाही.

या दहा मिनिटांवर माझा तीन दिवसांच्या कोर्सपेक्षा जास्त विश्वास आहे. कोर्सला पाठवा, नाही कशाला म्हणता, आयुक्तांनी सांगितलंय आणि जेवण बरं असतं. पण हॉटेलच्या एसी हॉलमध्ये कागदाचा मनोरा बांधून रात्री दोनला काय करायचं ते कळत नाही. पाठवलंत तर दोघांना एकत्र पाठवा, प्रवासात तरी बोलतील.

बीए सेटचा (धुरात जाताना पाठीवर घ्यायच्या श्वसन उपकरणाचा) नोंद बोर्ड कोण सांभाळतं तुमच्याकडे? बऱ्याच ठिकाणी कोणीच नाही, किंवा जो रिकामा असेल तो. तो बोर्ड सगळ्यात नव्या पोराला द्या. आत कोण गेलं, किती वाजता, सिलेंडरमध्ये हवेचा दाब किती बार, कधी बाहेर यायला हवं. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते पन्नास-पंचावन्न बारच्या आसपास, पण शिट्टी वाजल्यावर निघायचं ठरवलं तर लांबचा रस्ता असेल तेव्हा उशीर झालेला असतो. मग त्या बावीस वर्षांच्या पोराने वॉकीटॉकीवर सांगायचं, "तांडेल साहेब, तुमची वेळ झाली, बाहेर या." आणि तांडेलने यायचं, कुरकुर न करता. ड्रिल यार्डात आधी हे करून बघा, तुम्ही स्वतः मास्क लावून आत जा आणि त्या पोराला तुम्हाला बाहेर बोलवू दे. तुम्ही निमूट आलात हे एकदा सगळ्यांनी बघितलं की माझ्या दहा भाषणांचं काम होईल. नेता घडवायचा म्हणजे हुकूम द्यायला शिकवायचं एवढंच आपल्या डोक्यात असतं, खालच्याचा हुकूम ऐकायला पण शिकवावं लागतं, आणि मला वाटतं ते जास्त अवघड आहे.

तांडेल आणि लॅपटॉप साहेबांचं काय, तर त्यांना एकमेकांत गुंतवा. सकाळच्या हजेरीनंतर पंधरा मिनिटं ड्रिल यार्डाच्या फरशीवर खडूने शहरातली एक जागा काढायची, तुमच्याच शहरातली, पेठेतला तो लाकडी वाडा, बसस्टँडमागचं मंगल कार्यालय, तिसऱ्या मजल्यावरचं हॉस्पिटल. सब ऑफिसरने नकाशा काढायचा आणि आग कुठे ते सांगायचं, तांडेलने गाडी कुठे लावणार, पाणी कुठून घेणार ते सांगायचं, पुढच्या दिवशी उलट. हॉस्पिटल घेतलंत तर भंडाऱ्याची आठवण ठेवा, ९ जानेवारी २०२१, नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली, तिथे माणसं चालत बाहेर येऊ शकत नाहीत म्हणजे तुमचा पूर्ण हिशोबच बदलतो, यावर पोरांना बोलू द्या. इन्स्पेक्शनला जाताना पण एकटे जाऊ नका. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बिल्डिंगवाले जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, देतात, आपण शिक्का मारून फाईलला लावतो. त्यातल्या काही जागा या मंडळींना घेऊन प्रत्यक्ष बघा. जिना कुठे, टाकी कुठे, फाटक किती रुंद, गाडी वळते का. एखाद्याला जागा आधीच माहीत असली की रात्री त्याचा आवाज आपोआप ठाम येतो, यात लीडरशिप वगैरे काही नाही, त्याने जागा बघितलेली असते एवढंच.

आगीचा रिपोर्ट तांडेलला लिहायला लावा, सब ऑफिसरने शेजारी बसायचं पण पेन धरायचं नाही. सुरुवातीला चार ओळी लिहील, शुद्धलेखनाच्या चुका असतील, हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. पुढच्या पदासाठी कोर्स करायचा असेल तर शिक्षणाच्या आणि वयाच्या अटी असतात, त्या आत्ताच बघून घ्या, त्याला खोटी आशा लावू नका. अट बसत नसेल तर तोंडावर सांगा, आणि त्याच वाक्यात सांगा की रात्रीची पहिली पाच मिनिटं तरी तुझीच आहेत. आणि 'लॅपटॉप साहेब' हे नाव तुम्हाला माहीत आहे म्हणजे ते तुमच्यासमोर घेतलं गेलंय आणि तुम्ही हसला असणार किंवा गप्प बसला असणार. ते बंद व्हायला पाहिजे. तुमच्या केंद्रात पोरं कोणाचं ऐकणार हे पट्ट्यांवर कमी आणि तुम्ही कोणाला कसं वागवता त्यावर जास्त ठरतं. गोदामाच्या बाबतीत तो बरोबर होता असं तुम्हालाही वाटत असेल तर हजेरीला सगळ्यांसमोर तसं म्हणा, आणि तांडेलला आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा म्हणजे त्याचाही अपमान होणार नाही.

एक गोष्ट विचारू का, रागावू नका. फोन यायचे बंद झाले तर तुम्हाला कसं वाटेल? पत्रात तक्रार आहे पण मला त्यात थोडी माया पण दिसली. मांडवातून उठून जावं लागलं हे तुम्ही ज्या पद्धतीने लिहिलंय त्यात कुठेतरी छाती फुगलेली आहे. स्वाभाविक आहे. एवढी वर्षं लोकांना तुमची गरज होती, दोन वर्षांनी एका तारखेला ती संपणार, मग आत्ताच कशाला संपवायची असं मन म्हणत असेल. हे मनातल्या मनात जरी कबूल केलंत तरी हात मागे बांधून उभं राहणं थोडं सोपं जाईल असं मला वाटतं. नाही पटलं तर सोडून द्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण, कारखान्याच्या फायर टीमचे प्रमुख असतील, हॉस्पिटलचे सेफ्टी ऑफिसर असतील, तुमच्याकडून पण अशी पत्रं येत असतात. तुमच्याकडे गाड्या नसतील, वर्द्या नसतील, पण खोटे अलार्म आणि मॉक ड्रिल तर असतात ना, ते दरवेळी स्वतः चालवू नका. एकदा तुम्ही रजेवर आहात असं समजून ड्रिल होऊ द्या आणि कोण कोणाकडे बघतं तेवढं टिपून ठेवा.

साहेब, तुमच्यासाठी सुरुवात अशी करा. आदेश वहीतली नोंद या आठवड्यात. मग आठ दिवसांची रजा टाका, खरी रजा, गावाला जा. वॉचरूमला सांगून ठेवा की फोन फक्त कोणी जखमी असेल किंवा माणूस आत अडकला असेल तरच, आणि तो पण काय करू विचारायला नाही, काय केलं ते सांगायला. बाकीचे फोन आले तर उचला, पण उत्तर देऊ नका, उलट विचारा, "तुला काय वाटतं?" आणि तो जे म्हणेल त्यात जिवाला धोका नसेल तर "कर" म्हणून ठेवून द्या. पहिले दोन-तीन दिवस ते भांबावतील. परत आल्यावर काय काय बिघडलं त्याची यादी मागू नका, काय काय ठरवलं त्याची मागा.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की उत्तर छापून आलं तर दोघांना दाखवू का. दाखवा, दोघांना एकत्र बसवून दाखवा, आणि वॉचरूममधून तिलाही बोलवा. फक्त ते टोपणनाव आलंय तिथे सब ऑफिसरच्या तोंडाकडे बघू नका.